दुसरं महायुद्ध आणि भारत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दुसऱ्या महायुद्धाचा विषय निघाला की आपल्याकडे हिटलर, चर्चिल, हिरोशिमा एवढं बोलून होतं. मग कुणीतरी सांगतं, "आमचे पणजोबा इटलीत होते म्हणे," आणि पुढे काय बोलायचं ते कुणालाच सुचत नाही. कोकणात, साताऱ्यात, नगरकडे अशी घरं ढिगाने आहेत. त्यांच्याकडून आणि शाळा-कॉलेजातल्या मुलांकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे घेतले आहेत. भारत म्हणजे इथे फाळणीपूर्वीचा भारत, कारण तेव्हा लाहोर आणि ढाक्याची पोरंही याच फौजेत होती.

भारत या युद्धात उतरला कसा? कुणी ठरवलं?

आपण ठरवलं नाही. 3 सप्टेंबर 1939 रोजी ब्रिटनने जर्मनीशी युद्ध पुकारलं आणि त्याच दिवशी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांनी भारतही युद्धात असल्याचं जाहीर केलं. निवडून आलेल्या एकाही भारतीय नेत्याला विचारलं नव्हतं. त्याच्या निषेधार्थ प्रांतांमधल्या काँग्रेस मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ होतं, तेही गेलं.

हा अपमान खरा होता आणि तो कुणी विसरू नये. पण त्यामुळे पुढच्या सहा वर्षांत आपल्या माणसांनी जे केलं ते परकं ठरत नाही. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत, आणि खाली मी जे लिहिलं आहे ते सगळं हे धरून लिहिलं आहे.

किती भारतीय सैनिक होते? सक्तीची भरती होती का?

1939 मध्ये भारतीय सैन्य साधारण 2 लाखांचं होतं. 1945 मध्ये ते 25 लाखांच्या घरात गेलं. सक्तीची भरती भारतात लागू झाली नाही. स्वेच्छेने भरती झालेलं जगातलं तोवरचं सर्वांत मोठं सैन्य म्हणून त्याचा उल्लेख होतो.

स्वेच्छा म्हणजे काय, हे मात्र ज्याच्या त्याच्या घरच्या परिस्थितीवर होतं. कोकणात भाताचं एक पीक आणि खाणारी तोंडं आठ-दहा. माणदेशात तर पाऊसच नाही. पलटणीत गेलं की जेवण, कपडे, पगार आणि घरी मनीऑर्डर. काहींच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या फौजच होती. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावाच्या नावापुढे आजही ‘मिलिटरी’ लावतात. पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले 46 जण पडले होते. अशा गावात पोरगा अठराचा झाला की भरतीला जायचाच, त्यासाठी व्हाइसरॉयची घोषणा ऐकावी लागत नव्हती.

या युद्धात 87,000 हून अधिक भारतीय सैनिकांनी प्राण गमावले.

ते लढले कुठे?

फ्रान्स, एरिट्रिया, इथिओपिया, इजिप्त, लिबिया, ट्युनिशिया, सीरिया, इराक, इराण, इटली, ग्रीस, हाँगकाँग, मलाया, सिंगापूर, ब्रह्मदेश. फ्रान्समध्ये तर खेचरांच्या तुकड्या गेल्या होत्या: डिसेंबर 1939 मध्ये त्या मार्सेलला उतरल्या, आणि 1940 मध्ये डंकर्कच्या किनाऱ्यावर ब्रिटिश सैनिकांसोबत भारतीय जवानही होते.

सुरुवातीचं मोठं यश आफ्रिकेतलं. डिसेंबर 1940 मध्ये इजिप्तमध्ये सिदी बर्रानीला इटालियन फौज उधळली, त्यात चौथी भारतीय डिव्हिजन, म्हणजे अनेक पलटणी मिळून झालेली मोठी फौज, होती. लगेच पुढे एरिट्रियातलं केरेन. उंच डोंगर, वरून गोळीबार, पाणी पाठीवरून वर न्यायचं. फेब्रुवारी आणि मार्च 1941 असे दोन महिने ही लढाई चालली. चौथी आणि पाचवी या दोन भारतीय डिव्हिजन तिथे लढल्या, 500 हून अधिक माणसं मेली, 3,000 हून अधिक जखमी झाली. मराठ्यांची तिसरी पलटण तिथल्या ‘फ्लॅट टॉप’ नावाच्या टेकडीवर चढली. केरेन पडलं आणि पूर्व आफ्रिकेतली इटालियन सत्ता ढासळली.

मे 1943 मध्ये ट्युनिशियात जर्मन सेनापती फॉन आर्निम शरण आला, तोही चौथ्या भारतीय डिव्हिजनच्या आघाडीवर.

सगळं यशच होतं असं नाही. जून 1942 मध्ये लिबियातलं तोब्रुक पडलं तेव्हा जर्मन सेनापती रोमेलचा हल्ला मराठ्यांच्या दुसऱ्या पलटणीच्या ठाण्यांवरच आला. ती पलटण जवळजवळ सगळी कैदेत गेली.

‘3/5 मराठा’ म्हणजे काय? कागदावर असं लिहिलेलं असतं.

तेव्हा रेजिमेंटला क्रमांक होता: पाचवी मराठा लाइट इन्फन्ट्री. त्यामुळे 3/5 म्हणजे पाचव्या रेजिमेंटची तिसरी पलटण. आज क्रमांक नाही, नुसती मराठा लाइट इन्फन्ट्री आहे. केंद्र बेळगावला.

व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले मराठी सैनिक कोण?

व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक. इथे मी थोडा जास्त थांबणार आहे, कारण या दोघांची नावं प्रत्येक मराठी मुलाला माहीत असायला हवीत असं मला मनापासून वाटतं.

पहिले नाईक यशवंत घाडगे. रायगड जिल्ह्यात माणगाव तालुक्यातलं पळसगाव हे त्यांचं गाव. 10 जुलै 1944 ला इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, 3/5 मराठाचा हल्ला चालू होता. त्यांच्या सेक्शनवर, म्हणजे छोट्या तुकडीवर, अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि घाडगे सोडून बाकी सगळे एकतर मेले, नाहीतर जखमी होऊन पडले. मागे बघायला कुणी उरलं नव्हतं. ते एकटेच मशीनगनवर धावून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, मशीनगन आणि ती चालवणारा दोन्ही गारद. मग टॉमीगनने, म्हणजे हातातल्या छोट्या मशीनगनने, आणखी एकाला टिपलं. गोळ्या संपल्या, नवी मॅगझिन भरायला वेळ नव्हता. त्यांनी बंदूक नळीकडून धरली आणि उरलेल्या दोघांना दस्त्याने हाणून संपवलं. तेवढ्यात दुसरीकडून नेमबाजांच्या गोळ्या लागल्या आणि काबीज केलेल्या त्या ठाण्यावरच ते कोसळले. वय 22. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला.

नळीकडून धरलेली बंदूक. गोळ्या झाडून झाडून तापलेली नळी हातात धरवत नाही, हे ज्याने बंदूक चालवली आहे त्याला सांगायला नको.

माणगावला तहसील कार्यालयापाशी त्यांचा पुतळा आहे; मुंबई–गोवा रस्त्याने जाताना पाच मिनिटं थांबा. इटलीत कॅसिनो गावातल्या युद्धस्मारकावर त्यांचं नाव आहे. 2023 मध्ये पेरुजा प्रांतातल्या मोंतोने या छोट्या गावाने त्यांच्या नावाने एक सूर्यघड्याळ उभारलं. ज्यांच्या डोंगरावर हा कोकणातला पोरगा पडला, त्यांनी ऐंशी वर्षांनी त्याची आठवण ठेवली.

दुसरे शिपाई नामदेव जाधव, नगर जिल्ह्यातल्या निमजचे. ते 1/5 मराठाचे कंपनी रनर, म्हणजे निरोप पोचवणारे. 9 एप्रिल 1945 ला इटलीतल्या सेनियो नदीवर हल्ला झाला. नदीला दोन्ही बाजूंनी उंच बांध, बांधात जर्मन मशीनगनी, आणि अलीकडे सुरुंग पेरलेले. पलीकडच्या बांधाजवळ पोचेपर्यंत नामदेव यांच्यासोबतचे जवळजवळ सगळे पडले. त्यांनी एका जखमी सोबत्याला उचललं, खोल पाण्यातून, निसरड्या चढावरून, सुरुंगांमधून मागे आणून सोडलं. परत गेले. दुसऱ्याला आणलं. मग तिसऱ्यांदा गेले, ते मेलेल्यांचा बदला घ्यायला. हाताला गोळी लागून टॉमीगन धरता येईना म्हणून ती टाकली आणि हातबॉम्बवर काम भागवलं. मशीनगनीची तीन ठाणी एकट्याने गप्प केली. मग बांधाच्या माथ्यावर उभं राहून मराठ्यांची युद्धघोषणा दिली आणि हात करून मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. ती घोषणा आजही तीच आहे: "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय!"

इटलीतल्या एका नदीच्या बांधावर ही आरोळी उठली होती. पुढच्या महिन्यात, 2 मे 1945 ला, इटलीतल्या जर्मन फौजा शरण आल्या. नामदेवराव घरी परतले आणि 1984 पर्यंत जगले.

9 एप्रिललाच, सेनियो नदीवर आणखी एका भारतीय शिपायाला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला: अली हैदर, कोहाटकडचे. आज ते गाव पाकिस्तानात आहे. दोघं एकाच डिव्हिजनचे, आठव्या भारतीय डिव्हिजनचे.

महाराष्ट्रातल्या इतर पलटणींचं काय?

खडकीच्या बॉम्बे सॅपर्सचं, म्हणजे फौजेच्या इंजिनिअर दलाचं, नाव घ्यायलाच हवं. या युद्धात पहिला व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारे भारतीय अधिकारी प्रेमींद्रसिंग भगत त्याच दलाचे. 1941 च्या सुरुवातीला इथिओपियाच्या सीमेवर माघार घेणाऱ्या इटालियनांनी रस्ताभर सुरुंग पेरले होते. भगत यांनी सलग 96 तास, 55 मैलांच्या रस्त्यावर 15 सुरुंगक्षेत्रं मोकळी केली. वाहन दोनदा त्यांच्याखालीच उडालं, स्फोटाने कानाचा पडदा फाटला, तरी त्यांनी आपल्या जागी दुसऱ्याला येऊ दिलं नाही.

महार रेजिमेंटचा जन्मही याच युद्धातला. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळापासून लढणाऱ्या महार समाजाला इंग्रजांनी ‘लढवय्या जात’ नाही असं ठरवून फौजेबाहेर काढलं होतं. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा 111वी महार पलटण उभी केली आणि 1921 मध्ये मोडली. सुभेदाराचे पुत्र असलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा अन्याय लावून धरला आणि ऑक्टोबर 1941 मध्ये बेळगावला महार रेजिमेंट उभी राहिली. तिच्या पहिल्या टोपीचिन्हावर कोरेगावचा जयस्तंभ होता. ज्यांना दारातून परत पाठवलं होतं त्यांनी ते चिन्ह डोक्यावर मिरवलं, याचं मोल भरतीच्या आकड्यांत मोजता येणार नाही.

युद्ध संपवण्यात भारताचा वाटा नेमका किती? उगाच फुगवून सांगतात का?

प्रामाणिक उत्तर द्यायला हवं. जर्मनीचा कणा मोडला तो मुख्यतः रशियाच्या आघाडीवर. जपान शरण आला त्यामागे अमेरिकेचं आरमार, अणुबॉम्ब आणि सोव्हिएत युनियनचा युद्धप्रवेश होता. भारताने एकट्याने युद्ध जिंकलं असं कुणी म्हणत असेल तर ते खरं नाही.

पण जपानचा जमिनीवरचा तोवरचा सर्वांत मोठा पराभव कुठे झाला? आपल्या मणिपूर-नागालँडमध्ये. मार्च 1944 मध्ये जनरल मुतागुची यांची पंधरावी आर्मी इंफाळ आणि कोहिमावर चालून आली, सुमारे 85,000 माणसं घेऊन. इंफाळची धान्यकोठारं तीन आठवड्यांत हाती लागतील या हिशोबाने त्यांनी बरोबर थोडकीच रसद घेतली होती. तो हिशोब चुकवण्यात एका छोट्या लढाईचा मोठा वाटा आहे: सांगशाक. उखरूलच्या दक्षिणेला असलेल्या त्या नागा गावात 50वी भारतीय पॅराशूट ब्रिगेड आणि तिच्याबरोबर 4/5 मराठा अडकले. पाणी नाही, काटेरी तार नाही, खडकाळ जमिनीत खंदक खणता येईनात. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी काही दिवस जपान्यांना तिथेच खिळवून ठेवलं आणि तेवढ्या वेळात कोहिमाला कुमक हलवता आली.

कोहिमात सुमारे दीड हजार लढणारे होते, समोर जपानची आख्खी डिव्हिजन. जिल्हाधिकाऱ्याच्या बंगल्याजवळच्या टेनिस कोर्टाच्या एका कडेला हे आणि दुसऱ्या कडेला ते, मधलं अंतर हातबॉम्ब फेकण्याएवढं. आसाम रेजिमेंट, आसाम रायफल्स, राजपूत, पंजाबी आणि ब्रिटिश सैनिक तिथे टिकले. नागा गावकऱ्यांनी वाटा दाखवल्या, बातम्या आणल्या, जखमींना पाठीवर वाहून नेलं. 22 जूनला कोहिमा–इंफाळ रस्ता मोकळा झाला. जपान्यांची 50,000 हून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. त्यांतली बरीच परतीच्या वाटेवर भुकेने आणि आजाराने गेली.

त्यानंतर ब्रिटिश जनरल स्लिम यांची चौदावी आर्मी ब्रह्मदेशात घुसली. तिच्यात बहुसंख्य भारतीय होते. मार्च 1945 मध्ये 17व्या भारतीय डिव्हिजनने मेइक्तिला घेतलं, मेच्या सुरुवातीला रंगूनही हाती आलं. सप्टेंबरमध्ये सिंगापूरला पाचवी भारतीय डिव्हिजन उतरली, ती एरिट्रियापासून लढत आलेली. पुढे जपानमध्ये ठेवलेल्या दोस्त राष्ट्रांच्या फौजेतही ब्रिगेडियर थिमय्या यांची भारतीय ब्रिगेड होती आणि तिच्यात 1/5 मराठा, म्हणजे सेनियो नदीवाली तीच पलटण.

माझं मत विचाराल तर, आशियात ब्रिटनने जी लढाई जिंकली ती भारतीय सैन्याने जिंकून दिली. हा फुगवटा नाही.

मग आझाद हिंद सेना? ते विरुद्ध बाजूला होते ना?

हो. आणि ही गोष्ट टाळून चालत नाही. 15 फेब्रुवारी 1942 ला सिंगापूर पडलं तेव्हा 40,000 हून अधिक भारतीय सैनिक कैद झाले. त्यांतले हजारो आधी मोहन सिंग आणि मग नेताजी सुभाषचंद्र बोस यांच्या आझाद हिंद सेनेत गेले. बाकीच्यांनी नकार दिला. त्यांच्यातल्या अनेकांना जपान्यांनी न्यू गिनीसारख्या ठिकाणी वेठीला नेलं आणि कितीतरी तिथेच मेले. इंफाळच्या आघाडीवर भारतीय भारतीयांसमोर उभे ठाकले.

कोण देशभक्त, असं विचारणाऱ्यांना मी सांगतो: दोन्हीकडच्या माणसाला आपल्या घरी परत यायचं होतं, आणि ते घर स्वतंत्र असावं असं दोघांनाही वाटत होतं. 1945 च्या नोव्हेंबरात लाल किल्ल्यात आझाद हिंद सेनेच्या शाहनवाझ खान, प्रेम सेहगल आणि गुरबक्षसिंग धिल्लन यांच्यावर खटला सुरू झाला तेव्हा मुंबईचे भुलाभाई देसाई त्यांचे वकील होते. आणि फेब्रुवारी 1946 मध्ये मुंबईत ‘तलवार’ या नौदलाच्या केंद्रावर खलाशांनी बंड केलं, ते ब्रिटनच्या बाजूने लढून आलेल्या आरमाराचेच लोक होते.

युद्ध चालू असताना महाराष्ट्रात काय चाललं होतं?

8 ऑगस्ट 1942 ला मुंबईत गवालिया टँकवर ‘भारत छोडो’चा ठराव झाला. साताऱ्याकडे क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहिलं. ज्या जिल्ह्यातून एवढे जवान गेले, त्याच जिल्ह्यात इंग्रजांचं राज्य अमान्य करून गावकऱ्यांनी न्यायनिवाडा हाती घेतला. एकीकडे मनीऑर्डर येते आहे, दुसरीकडे रात्री भूमिगत कार्यकर्ते भाकरीला आहेत, हे साताऱ्याच्या मातीला नवं नव्हतं.

1943 मध्ये मुंबईत रेशनिंग आलं. कोल्हापूरजवळ वळीवड्याला सुमारे 5,000 पोलिश निर्वासित येऊन राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. 1948 पर्यंत ते तिथे होते.

आणि 14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया डॉकमध्ये ‘फोर्ट स्टिकिन’ नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे 1,400 टन स्फोटकं, कापसाच्या गाठी आणि सोन्याच्या विटा. दुपारी कापसाला आग लागली, बंब आले, पाणी मारलं, आग आटोक्यात येईना. चारच्या सुमाराला जहाज फुटलं, अर्ध्या तासात पुन्हा. मांडवी, मशीद बंदर भागातली वस्ती पेटली, शेकडो माणसं गेली. त्यांत अग्निशमन दलाचे 66 जवान. देशभर 14 एप्रिलला अग्निशमन सेवा दिन पाळतात तो याच जवानांसाठी.

भारताला या युद्धाची काय किंमत मोजावी लागली?

सैनिकांपेक्षा कितीतरी जास्त माणसं रणांगणापासून दूर मेली. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात अंदाजे 30 लाख. ब्रह्मदेश गेल्यामुळे तिथला तांदूळ बंद झाला, महागाई भडकली, आणि जपान्यांच्या हाती लागू नयेत म्हणून सरकारने किनारपट्टीवरच्या होड्या जप्त केल्या आणि तांदूळ उचलला. मासे पकडायला होडी नाही, बाजारात धान्य नाही. लंडनने जहाजं द्यायला टाळाटाळ केली. त्या मृत्यूंना मी युद्धाचेच बळी मानतो, आणि त्यांचं एकही मोठं स्मारक नसावं याचा मला राग येतो.

पैशांचं गणित उलटं फिरलं. युद्धाआधी भारत ब्रिटनचा देणेकरी होता. युद्धभर माल, कापड, दारूगोळा आणि सैन्य पुरवल्यामुळे 1945 पर्यंत ब्रिटनच भारताचं सुमारे 130 कोटी पौंड देणं लागत होतं. उद्योगही उभे राहिले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी डिसेंबर 1940 मध्ये बंगळुरूला हिंदुस्थान एअरक्राफ्ट काढली, तीच आजची एचएएल.

शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या सनदेवर जून 1945 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला भारताची सही झाली. देश तेव्हा स्वतंत्रही नव्हता.

आमचे आजोबा-पणजोबा त्या युद्धात होते. माहिती कुठे मिळेल?

ते युद्धात मेले असतील तर कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधता येतं. हिंदू आणि शीख सैनिकांचं दहन होत असे, त्यामुळे कबर सापडणार नाही. नाव स्मारकावर कोरलेलं असतं. स्पेलिंगचा घोळ फार असतो. ‘मराठा’ हा शब्द तेव्हा मध्ये ‘एच’ घालून लिहीत, आडनावं कारकुनाला ऐकू येतील तशी उतरली आहेत, कधी आडनाव नाहीच, नुसतं नाव आणि बापाचं नाव. म्हणून गाव, तालुका आणि वडिलांचं नाव यांवरून शोधा.

ते परत आले असतील तर रेजिमेंटच्या केंद्राला पत्र लिहा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात पेन्शनची जुनी कागदपत्रं आहेत का विचारा. दोन्हीकडे सर्वांत आधी विचारतील तो सैनिकी नंबर.

तो घरातच असण्याची शक्यता आहे. पेटीत, देव्हाऱ्यामागे, ट्रंकेच्या तळाशी जुनी पदकं असतील तर फेकू नका, भंगारात देऊ नका आणि घासून लख्खही करू नका. सहा टोकांच्या ताऱ्यावर कुठल्या आघाडीचं नाव आहे ते पाहा: आफ्रिका, इटली की बर्मा. मग गोल पदक उजेडात तिरपं धरा आणि त्याची कड बोटाने चाचपा. अनेकदा तिथेच बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते.